बिनलोण्याचे सँडविच

मित्रांनो, तापट माणसापासून चार हात लांब राहावे, असे मोठी माणसे सांगतात. पण मी एक जुना ग्रिलर आहे, म्हणजे सँडविच भाजायचे यंत्र, आणि मी तापलो नाही तर माझा काही उपयोगच नाही. तेव्हा न घाबरता जवळ बसा आणि माझी गोष्ट ऐका.

माझा जन्म एका गोंगाटाच्या कारखान्यात झाला. दोन जाड लोखंडी पाट्या, त्यांवर उभ्या खाचा, मागे बिजागरी, पुढे लाकडी मूठ आणि बाजूला एक तांबडा दिवा, एवढाच माझा संसार. तिथून मी थेट या चौकातल्या दुकानात आलो. समोर मोठे रुग्णालय, उजव्या हाताला मैदान आणि मैदानाभोवती धावायची वाट. दुकान मावशींचे. त्या नक्की कोणाच्या मावशी, हे मला अजून ठाऊक नाही. पण समोरच्या नर्सपासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत.

मावशींचा हात भारी सढळ. पावाला लोणी लावायला घेतले की एक कोपरा कोरडा सुटणार नाही, आणि चीज किसायला लागल्या की खालचा पाव दिसेनासा झाल्यावरच थांबणार. लोक बोटे चाटत. "भाजलंय काय सुरेख," असे कोणी म्हटले की मी मनातल्या मनात फुगत असे. चव मावशींची आणि तोरा माझा, असा प्रकार होता.

मग एक दिवस स्टीलचा लखलखता, माझ्या दुप्पट रुंदीचा नवा ग्रिलर आला. नव्याचे नऊ दिवस, असे म्हणून मी मनाची समजूत घातली. नऊ दिवस सरले, वर्ष सरले, माझा प्लग काही कोणी लावला नाही. मी खिडकीशी, डोक्यावर कागदी रुमालांचा गठ्ठा घेऊन बसलो. बघ्याचे काम तेवढे माझ्याकडे उरले, आणि वाईट वाटायचे ते वाटलेच.

त्याच खिडकीतून मी लिफ्टवाल्या दादाला पहिल्यांदा धावताना पाहिले. धावणे आपले म्हणायचे. आधी पोट यायचे आणि मागून माणूस. थोडे धावे, मग कमरेवर हात ठेवून उभा राही. सकाळी फिरायला येणारे आजोबासुद्धा त्याला मागे टाकून जात आणि वर मान वळवून बघत. तरी दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या हजर. बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणे हे त्याचे काम. धावून झाले की घामाने निथळत दुकानात यायचा, "मावशी, साधं द्या, अंड्याचं, भाज्या घालून," म्हणायचा. वर गोड थंड पेयाची एक बाटली रिचवायचा आणि हत्यारांची पिशवी उचलून कामावर जायचा.

एकदा मावशींनी विचारलेच. "एवढा आटापिटा कशासाठी रे? लग्नबिग्न ठरलंय का?"

"नाही हो. धाकट्या बहिणीसाठी. तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात. समोरच डायलिसिसला येते ती. माझी किडनी तिला जुळतेय, पण डॉक्टर म्हणतात आधी वजन उतरव, रक्तदाब खाली आण. या वजनाच्या माणसाला आम्ही टेबलावर घेणार नाही म्हणाले."

"आणि नाही उतरलं तर?"

"दुसरं कोणी जुळत नाही, मावशी."

मावशी पाठमोऱ्या झाल्या आणि पदराला डोळे पुसून त्यांना जे येत होते ते त्यांनी केले. त्या दिवसापासून दादाच्या साध्या सँडविचमध्ये लोण्याचा जाड हात, चीजचा दुहेरी थर आणि मेयोनीजचा मोठा चमचा गुपचूप जाऊ लागला. "इतका धावतो, अंगात काही नको का," असे त्या पुटपुटत. दादाही भोळा सांब. आपण साधे मागितले म्हणजे साधेच मिळाले, असे धरून चालणारा. "तुमच्या हाताला चव आहे हं," म्हणत तो शेवटचा तुकडाही पुसून खाई. खिडकीशी बसून मला सगळे दिसत होते, पण यंत्राला तोंड कुठे असते.

तपासणीचा दिवस आला. दादा रुग्णालयातून थेट दुकानात आला आणि काही न मागता टेबलाशी बसला.

"काय म्हणाले?" मावशींनी विचारले.

"वजन तसूभर उतरलं नाही. थोडं वाढलंच. आणखी एकदा बघतील, नाहीतर माझा विचार सोडून देतील." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "एवढा घाम गाळला, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. हे सँडविचच नडलं मला. आजपासून बंद."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी. दादाने सकाळचे खाणेच सोडले. रिकाम्या पोटी धावायचे, तसेच कामावर जायचे आणि रात्री काहीतरी थोडे चिवडायचे, असा त्याने हट्ट धरला. मावशींचा जीव तुटे, पण सांगायचे धैर्य होईना. दादाचे पाऊल रोज जड पडत होते. एका सकाळी माझ्या खिडकीसमोरच तो फुटपाथवर आधी बसला आणि मग आडवा झाला.

मावशी हातातल्या उलथन्यासकट धावल्या. दोघा-तिघांनी मिळून त्याला आत आणले, पाय उंचावर ठेवले, त्याने डोळे उघडल्यावर साखरेचे पाणी पाजले. तो उठून बसतो न बसतो, तोच त्याची धाकटी बहीण, छोटी, दारात उभी. डायलिसिस आटपून येत होती, दंडाला पट्टी होती. चेहरा ओढलेला आणि अंगावर मूठभर मांस, पण आवाज खणखणीत.

"शेवटचं कधी खाल्लंस, दादा?"

"परवा रात्री," दादा पुटपुटला.

तेवढ्यावर मावशींचा बांध फुटला. "चूक माझी आहे गं. मीच लोणी न् चीज घालत होते त्याच्यात, त्याला न सांगता. म्हटलं, पोराला ताकद येईल."

दादा मावशींकडे बघतच राहिला. बोलली ती छोटी. "एक जण प्रेमानं कोंबतंय, दुसरा प्रेमानं उपाशी मरतोय. आणि तुमच्या दोघांच्या मधे मी. माझं काय व्हायचं ते बघितलंय का कोणी?"

"मावशी, रोज करता तसंच एक करा," ती म्हणाली. "हात आखडू नका, अगदी तसंच."

मावशींनी केले. छोटीने ते भाजू दिले नाही. पाव उघडून तिने लोणी खरवडले, चीज उचलले, मेयोनीज निपटून काढले आणि सगळे एका वाटीत घातले. वाटी शिगोशीग भरली. शेजारी तिने थंड पेयाची बाटली ठेवली. "दादा, तू सकाळी धावून जे घालवतोस ना, ते या वाटीतनं परत घरी येतं. वर व्याज म्हणून ही बाटली." मग तिने बशीतले उरलेले त्याच्यापुढे सरकवले. "आणि या पावानं, अंड्यानं, काकडीनं तुझं काय घोडं मारलंय? धावणाऱ्याला हे लागतं. उपाशी धावून वजन नाही उतरत, माणूस उतरतो."

"तुला गं एवढं कसं कळतं?" मावशींनी विचारले.

"मला प्रत्येक घास विचारून खावा लागतो, मावशी. मीठ किती, पाणी किती, कुठल्या डब्यात काय दडलंय, सगळं पाठ झालंय. यातलं चीज नि मेयोनीज तर मला जिभेवर ठेवायचीसुद्धा चोरी." तिने वाटीकडे क्षणभर पाहिले आणि बोटे पुसून टाकली.

मग तिचे लक्ष माझ्याकडे गेले. "त्या नव्यावर दिवसभर लोण्याचा थर असतो. हा जुना चालतो का?"

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या डोक्यावरचा गठ्ठा उतरला. मावशींनी माझ्या खाचाखाचांतून ब्रश फिरवला, प्लग लावला आणि माझा तांबडा दिवा पेटला. लोण्याशिवाय भाजायचे म्हणजे अवघड काम, पाव चिकटतो. मावशी आच कमी ठेवत, थोडा वेळ जास्त देत, आणि पाव कुरकुरीत होऊन अलगद सुटे. दादाचे सँडविच माझ्यावरच होऊ लागले. तेही धावणे लांबचे झाले तरच अख्खे, नाहीतर अर्धे. बाटली गेली, तिच्या जागी पाणी आले.

खरे सांगू, मला सर्वांत जास्त कौतुक मावशींचे वाटले. ज्यांनी आयुष्यभर भरभरून वाढले, त्यांनी हात आवरायचा म्हणजे सोपे नव्हे. एका आठवड्यात दादाचे वजन अडून बसले, तोंड उतरले. मावशींचा हात सवयीने चीजच्या डब्याकडे गेला. तेवढ्यात खिडकीबाहेर छोटी दिसली. एका हाताने कठडा धरून रुग्णालयाच्या पायऱ्या चढत होती, दोन पायऱ्यांमागे एकदा थांबत होती. मावशींनी डब्याचे झाकण लावले आणि काकडीच्या चार चकत्या जास्त घातल्या.

आणि दादा. ऊन असो, थंडी असो, रात्रपाळीत लिफ्टमध्ये अडकलेली माणसे सोडवून आलेला असो, तो मैदानावर आला नाही असे झाले नाही. हळूहळू पँट कमरेवर राहीना, पट्ट्याला आतल्या बाजूला नवी भोके पाडावी लागली. ते आजोबा आता मागे राहू लागले आणि त्याला टाळी देऊ लागले. पुढच्या तपासणीनंतर तो आत आला आणि एवढेच म्हणाला, "मावशी, घेतायत मला." मावशी पावाच्या क्रेटवर मटकन बसल्या आणि पोटभर रडल्या.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दुकान उघडे होते, पण मावशींचे चित्त ठिकाणावर नव्हते. माझ्यावरची दोन सँडविचे कोळसा झाली. एरवी मी कुरकुरलो असतो, त्या दिवशी मुकाट राहिलो. दुपार कलल्यावर एक नर्स रस्ता ओलांडून मुद्दाम सांगायला आली. "दोघंही शुद्धीवर आहेत. नवी किडनी लागली कामाला."

त्यानंतर बरेच दिवस दोघे दिसले नाहीत. मग एका सकाळी आले. छोटी मैदानाला एक फेरी चालली, शेवटी तर थोडे धावलीसुद्धा, आणि धापा टाकत आत येऊन खुर्चीत बसली. गालांवर रंग आला होता.

"भूक लागली," ती म्हणाली.

मावशी माझ्याजवळ येऊन थांबल्या. "काय काय घालू गं? तुला काय चालतं ते तूच सांग."

"अंडं, चांगलं शिजलेलं. काकडी धुऊन. आणि चीजची एक चकती. डॉक्टरांना विचारलंय."

मावशींनी एकच चकती घातली. मी जमेल तितके सुरेख भाजले.

मित्रांनो, झटपट खाण्याच्या दुकानातले सँडविच वजन उतरवणाऱ्याला चालते का, असे मला बरेच जण विचारतील. मी म्हणेन, आधी उघडून बघा आत काय आहे. आम्हा यंत्रांनाही रोज पुसत जा, जळके कण साठू देऊ नका. पण याहून मोठे मागणे एकच. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याच्या ताटात काही वाढायच्या आधी त्याला विचारा. तो नको म्हणाला, तर हात मागे घ्या; तेही वाढणेच आहे.

त्या सकाळी छोटीने सँडविच शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ले आणि बोटाने बशीतले कण टिपले. दादाने स्वतःसाठी काहीच मागितले नव्हते. तो समोर बसून तिला खाताना बघत होता.