थाळीशिवायचा आवाज

उद्या सकाळी मंगळूबाबांच्या घशातली गाठ काढणार होते आणि गाठीबरोबर स्वरयंत्रही. म्हणून सरिताने पेठकडच्या पाड्यावरून आलेल्या आपल्या वडिलांना गंगापूर रोडवरच्या भाड्याच्या खोलीत, संगणकासमोर बसवून आज सकाळीच त्यांच्याकडून कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची, कथा गाऊन मुद्रित करून घेतली होती. पुढ्यात काशाची थाळी, तिच्या मधोमध मेणाने उभी केलेली काडी. त्या काडीवरून बोटे खाली ओढली की थाळी सलग घुमत राही आणि त्या घुमण्यावर कथा चाले.

ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर सरिता नुकतीच शिकू लागली होती. पंखा बंद करायचा राहून गेला होता. त्याची घरघर काढायची, तर गाणे नसलेला तुकडा निवडून 'हा गोंगाट' असे संगणकाला दाखवायचे, एवढे तिला ठाऊक होते. तिने बाबांनी तोंड उघडण्यापूर्वीचा तुकडा निवडला. त्यात थाळी घुमत होती. साफ झालेली फाइल तिने जुन्या फाइलवरच साठवली, प्रोग्रॅम बंद केला आणि मग ऐकले.

बाबांचा आवाज होता. थाळी नव्हती.

प्रोग्रॅम पुन्हा उघडून तिने सगळे पर्याय धुंडाळले. मागे फिरायची सोय उरलीच नव्हती.

"तुझ्या मशीनला माझी थाळी माशी वाटली काय गं?" बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

सरिताला हसू आले नाही. "बाबा, कानाला हेडफोन लावून सकाळचं गाणं ऐका, आणि त्यावर नुसती थाळी वाजवा. मी दोन्ही एकत्र करते. पण गायचं नाही. सकाळी गायलात हे कळलं तरी डॉक्टर रागावतील."

"थाळीवर हात पडला की तोंड मिटून बसायचं नाय. गुरूनं घालून दिलेली रीत हाय, सरू."

"आजच्या दिवस मोडा."

"बघतो."

तिने पंखा बंद केला, मुद्रण सुरू केले. पडद्यावर रेषा उमटू लागली. बाबा डोळे मिटून स्वतःलाच ऐकत होते. बोटे अचूक पडत होती, पण ओठ हलू लागले होते. तिने हाताने खूण केली. मिटल्या डोळ्यांना ती दिसणार कशी?

कणसरी रुसून घराबाहेर पडते त्या जागी बाबांनी हेडफोन एका हाताने ओढून खाली टाकले आणि ते गाऊ लागले.

आवाज फाटत होता. सरिताचे बोट बटणावर होते. थांबवले तर कथा अर्ध्यावर राहणार; न थांबवले तर घशाचे काय होईल, कोणी सांगावे! खोकल्याची उबळ आली. बाबा वाकले, तरी बोटे काडीवरून सरकतच राहिली. त्यांनी मान वर केली आणि पुढची ओळ धरली.

सरिताने बटणावरचे बोट काढले. मग उठून माइक त्यांच्या ओठांजवळ सरकवला, त्यांना जोर लावावा लागू नये म्हणून.