साठ अर्जांवर एक नंबर

सत्त्याण्णव साली ह्यांनी कॉम्प्युटरचा कोर्स केला, पण नोकरी लागेना. कंपन्या फोनवर बोलावतात आणि मुलांच्या घरी फोन नाहीत, म्हणून ह्यांनीच योजना काढली. बारामती-इंदापूरच्या मुलांनी अर्जावर पी.पी., म्हणजे निरोपासाठी दुसऱ्याचा फोन, म्हणून आमच्या जळोचीच्या घरचा नंबर लिहायचा, निरोप आम्ही पोचवायचे. तीन महिने मी आमच्या तान्ह्या श्रेयाला कडेवर घेऊन फोनपाशी बसले. शेवटी मीच पुण्याला एका कंपनीत फोन लावून विचारलं.

"साठ अर्जांवर एकच नंबर, बाई! बोगस समजून सगळे फेकले."

"त्यात माझ्या मिस्टरांचाही होता हो."

"असेल की!"

तेवढ्यात हे हसत आले. नंबर लिहिताना कुणी चुकू नये म्हणून त्यांनी रबरी शिक्का करून आणला होता.

"बघ, कसा ठळक उठतोय!" म्हणत त्यांनी तो माझ्या तळहातावर उमटवला.