चिठ्ठीवरचा चेहरा

"हळू ठोक गं पोरी, धाग्यालाही दुखतं," असं बाप म्हणायचा. तेव्हा तिचे पाय मागाच्या पायपट्ट्यांपर्यंत पोचतही नव्हते. बाप जाऊन जमाना लोटला, तरी माग हलला की म्हातारीच्या कानात तो आवाज घुमायचा.

आज मात्र कानात नुसता वारा होता. कोरडा, मातीनं माखलेला. विहीर तळाला गेलेली, तरी सून सकाळपासून मागाखालची जमीन शिंपत होती, खिडकीला ओलं पोतं टांगत होती. हवेत ओल नसली की सूत तुटतं, आणि आज ते तुटून चालणार नव्हतं. स्कार्फ विकत घेणाऱ्या संस्थेच्या बाई तपासायला येणार होत्या.

संस्थेचा नियम सरळ. कापड हातमागाचंच हवं, आणि मोल विणणारीच्याच हातात पडायला हवं. म्हणून प्रत्येक स्कार्फला विणणारीच्या फोटोची चिठ्ठी. या घरच्या चिठ्ठीवर म्हातारीचा चेहरा होता. पण तिच्या हातांना कंप सुटल्यापासून मागावर बसत होती ती सून. "कुणी विचारलं तर आईच विणतात म्हणायचं," असं म्हातारीनं बजावलं होतं. नवरा गेल्यापासून अबोल झालेल्या सुनेनं नुसती मान हलवली होती.

घोळ झाला तो तिच्या गुणी हातांनी. म्हातारीचा ठोका जड, काठ जरासा वाकडा. सुनेचे काठ मात्र आखून काढल्यासारखे. लांबच्या गिऱ्हाइकानं ओरड केली, हा माल यंत्रावरचा आहे!

"कुठं लपवलंय गं यंत्र? चुलीत?" शेजारणीनं दारातूनच टोमणा हाणला.

"तुझ्या तोंडासारखं न थकणारं मिळालं असतं, तर आणलंच असतं," म्हातारी म्हणाली. पण हे काम सुटलं, तर मागाचं सरपण करायचं तेवढंच उरणार होतं.

बाई आल्या. जुना आणि नवा स्कार्फ त्यांनी मांडीवर शेजारी शेजारी पसरले.

"मावशी, हे एका हाताचे नाहीत."

"वय झालं, बाई. हात बदलतो."

"वयानं हात बिघडतो, हा तर सुधारलाय. मला वाद नको. वीतभर विणून दाखवा. नाहीतर या घरचं काम मला थांबवावं लागेल."

म्हातारी मागावर बसली. आडव्या धाग्याचा धोटा सरकवला तो निम्म्यातच अडकला. पुन्हा सरकवला, तर खाली पडून जमिनीवर घरंगळला. ठोका तिरका बसला आणि धागे पटापट तुटले. सून धावली. तिनं धोटा उचलून दिला, वाकून तुटक्या धाग्यांना गाठी मारल्या. बोटं अशी चालली, की बाई बघतच राहिल्या.

"खरं सांग, तू विणतेस का गं?"

सुनेनं सासूकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"नाही. आईच विणतात."

बाईंनी सुस्कारा सोडला. "मग यंत्राचंच म्हणावं लागेल मला." त्यांनी स्कार्फ घडी करून पिशवीत घातले, चपला पायांत सरकवल्या. सून तशीच उभी होती, हातात तुटक्या सुताचा गुंता घेऊन. घर बुडत होतं आणि पोरगी सासूचा शब्द राखत होती.

"थांबा, बाई!" म्हातारीचा आवाज चिरकला. "हीच विणते. सगळं हीच. मीच हिचं तोंड बांधलं."

बाई उंबऱ्यावरून वळल्या. "पण का, मावशी? हिचाच फोटो लावला असता. काम घरातच राहिलं असतं की!"

म्हातारीला कुणाकडे बघवेना. मागावरच्या धाग्यांकडे बघतच ती म्हणाली,

"काम राहिलं असतं हो. पण हिला कळलं असतं ना, की आपल्या हातांवर आपण कुठंही जगू शकतो. पोरगा तर गेलाच. ही पण गेली, तर मला आई म्हणणारं कोण उरलंय?"