खुर्चीवरचा स्वेटर

मी एक जुना करडा स्वेटर आहे. माझी डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब आहे, कारण मला विणताना ताईंच्या सासूबाई नातीशी गप्पा मारत होत्या. "सूनबाई, तुमच्या ऑफिसात त्या मशीनचा गारठा असतो ना? हा अंगावर असू दे," असं म्हणून त्यांनी मला ताईंच्या हाती दिलं. मित्रांनो, माझा जन्म ऊब देण्यासाठी झाला होता. पण नशिबात काय वाढून ठेवलंय, हे लोकरीला कुठून कळणार?

ताईंची कंपनी भली मोठी होती. एकेका मजल्यावर इतकी टेबलं, की या टोकाचा माणूस त्या टोकाच्याला ओळखत नसे. ताई ग्राहकांच्या तक्रारी निस्तरत. त्यांची नेमणूक तात्पुरती होती. आपल्याला कायम करावं आणि वरची जागा मिळावी, म्हणून त्या दरवर्षी साहेबांना भेटत. साहेब गोड हसून म्हणत, "पुढच्या वर्षी नक्की बघू." पाठीमागे सगळे त्यांना 'पुढच्यावर्षीसाहेब' म्हणायचे. ताईंनी हाताला धरून शिकवलेली पोरं केबिनमध्ये जाऊन बसली, ताई होत्या तिथेच राहिल्या. त्या कधी रडल्या नाहीत. माझ्या लांब बाहीचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसायच्या, म्हणून ते उसवलं आहे.

त्या ऑफिसात साहेबांच्या आधी घरी जाणारा कामचुकार ठरे. मग लोकांनी युक्ती काढली. खुर्चीवर कोट नाहीतर स्वेटर टाकायचा आणि हळूच सटकायचं. कपडा दिसला, की माणूस इथेच कुठेतरी असेल, असं साहेब धरून चालत. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा ताईही कामं उरकून मला मागे ठेवून जाऊ लागल्या. ऐन थंडीत त्या कुडकुडत बस गाठायच्या आणि मी खुर्चीला ऊब देत बसायचो. मला फार वाईट वाटे. शेजारच्या टेबलावरच्या काकांना त्या सांगत, "सासूबाई विचारतात, स्वेटर कुठाय गं? मी म्हणते, तो ड्यूटीवर आहे." दोघं हसत.

एका सोमवारी ताईंना तळमजल्यावर बोलावणं आलं. "आलेच दोन मिनिटांत," असं काकांना सांगून त्या गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. मुख्य ऑफिसने परस्पर माणसं कमी केली होती. तात्पुरत्यांचा पहिला नंबर लागला. ओळखपत्र काढून घेऊन ताईंना तिथूनच वाटेला लावलं, सामान घ्यायलाही वर येऊ दिलं नाही. काकांना फोनवर हे कळलं. त्यांचा चेहरा पडला, पण स्वतःच्या नोकरीच्या धास्तीनं ते गप्प राहिले.

मी मात्र इमानेइतबारे खुर्चीवर होतो. साहेब संध्याकाळी फेरी मारत, मला पाहत आणि समाधानानं पुढे जात. गुरुवारी ते एक किचकट तक्रार घेऊन आले.

"मॅडम आल्या की सांगा, हे आजच हवंय. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

काका खाली मान घालून म्हणाले, "साहेब, त्यांना सोमवारीच काढलं."

साहेब गोंधळले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अहो, पण स्वेटर तर इथेच आहे."

त्या संध्याकाळी काकांनी मला पिशवीत घालून ताईंच्या घरी पोहोचवलं. ताईंनी घरात अजून काही सांगितलं नव्हतं. मला पाहून सासूबाई अंथरुणातूनच म्हणाल्या, "अगंबाई, सुटला का ड्यूटीवरून?"

"हो, सुटला," ताई म्हणाल्या. त्यांनी मला अंगात घातलं, लांब बाहीत तोंड लपवलं आणि इतक्या वर्षांचं सगळं रडून घेतलं.

मित्रांनो, ती बाही अजून ओलसर आहे. तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसली, तर तिच्यावरचा कपडा पाहून पुढे जाऊ नका. माणूस कुठे गेला, तेवढं विचारा.