तिऱ्हाइताची हरकत

नगरपालिकेच्या रेकॉर्डच्या खिडकीतून “आज नाही” असं उत्तर आलं, की मास्तरांचा जीव भांड्यात पडायचा. आता ही काय माणसाने कबूल करायची गोष्ट आहे? शेजारी बाकावर बायको बसलेली, तिच्या मांडीवर अर्जांची पिशवी, आणि हा गृहस्थ मनातल्या मनात म्हणतोय, सुटलो बुवा, आणखी एक महिना.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर. घराच्या पुढच्या खोलीत दुकान आणि दुकानासमोर दिव्याचा खांब. दीड वर्षापूर्वी पाइप फुटून रस्त्यात पाणी साचलं होतं. त्यातून उडी मारताना त्यांच्या अकरा वर्षांच्या लेकीने खांबाला हात धरला. खांबात करंट उतरलेला. एकुलती एक पोर जागच्या जागी गेली.

पालिकेने कानांवर हात ठेवले. खांबाबद्दल तक्रार कधी आलीच नव्हती, असं लेखी देऊन मोकळी झाली. बायको पेटून उठली, कारण तक्रार झाली होती हे तिला पक्कं ठाऊक होतं. आठवडाभर डोकं खाऊन तिनेच मास्तरांना तक्रार करायला पाठवलं होतं. मग तिने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. तक्रारीची नोंद दाखवा, बघायला कोण आलं, त्याने काय केलं, ते सगळे कागद द्या.

त्यातला एक कागद मास्तरांनी स्वतः हाताळला होता.

वायरमन आला त्या दिवशी त्यांच्यापुढे शाळेच्या गणवेशांचा ढीग होता. मान वर करायला फुरसत नव्हती. वायरमनने खांबाला काळी टेप गुंडाळली आणि दुकानात डोकावला. “मास्तर, केबलच बदलायला लागेल. सामान सोमवारी येतंय. पण आज महिनाअखेर, तक्रार उघडी राहिली तर साहेब माझी चामडी लोळवतील. काम झालं म्हणून सही देऊन टाका, सोमवारी मी येतोच.” ओळखीचा, भला माणूस. मास्तर मशीनवरून उठलेसुद्धा नाहीत, बसल्या बसल्या सही ठोकली. सोमवार आला नि गेला. सामानाचा पत्ता नाही. बुधवारी पोर गेली.

म्हणजे गंमत बघा. तो कागद बाहेर आला तर पालिकेचं पितळ उघडं पडणार होतं, आणि मास्तरांचंही. लेकीच्या बापाने पालिकेच्या बाजूने देव पाण्यात घालून बसायचं, यापरती शरमेची गोष्ट कुठली?

पालिका काही कमी नव्हती. कधी फाईल फिरतीवर, कधी किल्लीवाले रजेवर, कधी वाळवी. मास्तर दर खेपेला बायकोबरोबर जायचे. घरी बसले असते तर तिने कारण विचारलं असतं.

“सोड आता,” एकदा ते म्हणाले. “पोर काय परत येणार आहे?”

“पोर येणार नाही. कागद येईल,” ती म्हणाली. बाई चिवट होती.

आणि खरंच, अपिलात वरच्या साहेबांनी झापल्यावर कागद निघाला. रेकॉर्डच्या बाई खिडकीतून म्हणाल्या, “तक्रारवही काही सापडली नाही. वायरमनची एक पावती सापडलीय. दुरुस्ती झाली, अशी कुणा रहिवाशाने सही दिलीय तिच्यावर.”

“कुणी?” बायको उभीच राहिली.

“ते नाही सांगता येत. तिऱ्हाइताचं नाव आहे. नियमाप्रमाणे आधी त्याला पत्र जाईल, नाव उघड करायला हरकत आहे का म्हणून. नाहीतर नाव काळं करून आजच देते.”

घ्यावं, काळं करून घ्यावं, एवढंच मास्तर मनात म्हणत राहिले.

“नावच पाहिजे,” बायको म्हणाली.

परतताना ती गल्लीतलं एकेक दार डोळ्यांखालून घालत होती. तिचा संशय समोरच्या इस्त्रीवाल्यावर बसला. त्याचं टेबल खांबापासून दहा पावलांवर. तिसऱ्या दिवशी तिने त्याला भर रस्त्यात गाठलं आणि तोंडावर खुनी म्हणाली. तो बिचारा गांगरून नुसता हात जोडत राहिला. मास्तर दुकानात कॉलरला कॅनव्हास लावत होते. त्यांनी ऐकलं आणि मान खाली घातली. नामर्द म्हणतात तो याहून वेगळा नसतो.

पत्र आपल्याच हाती पडावं म्हणून त्यांनी आठवडाभर दुकान सोडलं नाही. शुक्रवारी मात्र एका आजारी गिऱ्हाइकाचं माप घ्यायला जावं लागलं. परत आले तेव्हा बायको कटिंगच्या टेबलापाशी बसली होती. पालिकेचं पत्र पुढ्यात उघडं.

“तुमच्या नावाचं आहे,” ती म्हणाली.

मास्तरांनी वाचलं. सदर कागदावर आपले नाव व सही आहे. ते अर्जदारास देण्यास आपली हरकत असल्यास दहा दिवसांत कळवावे. अर्जदार म्हणून खाली बायकोचं नाव.

“सोमवारी येतो म्हणाला होता,” ते म्हणाले. “खरंच येतो म्हणाला होता गं.”

“म्हणाला असेल.” तिचा आवाज चढला नाही. “फसतो माणूस. गडबडीत मीसुद्धा दिली असती सही.”

मास्तरांना रडू कोसळलं. वाटलं, निभावलं.

“पण वर्षभर तुम्ही माझ्याशेजारी त्या बाकावर बसलात,” ती म्हणाली. “मी त्या माणसाला खुनी म्हणाले, तेव्हाही तुम्ही इथेच होतात.”

तिने पेन पुढे केलं. त्यांनी पत्राखाली ‘हरकत नाही’ असं लिहिलं आणि सही केली. तिने सही नीट बघितली, कागद पिशवीत घातला. सवयीने मास्तर चपला शोधू लागले.

“तुम्ही नका येऊ,” ती म्हणाली. “आजपासून मी एकटी जाईन.”

ती बाहेर पडली, पण पालिकेच्या वाटेला लागली नाही. आधी रस्ता ओलांडून इस्त्रीवाल्याच्या टेबलाशी गेली. पिशवीतून कागद काढून तिने त्याच्यापुढे धरला आणि मान खाली घालून बराच वेळ काहीतरी बोलली. मास्तरांना शब्द ऐकू आले नाहीत. इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला उभी ठेवली आणि वळून दुकानाकडे बघितलं.