अकरा माणसांची चौकी

उज्ज्वलला त्या चौकीचं वेड लागलं होतं. फ्रान्स आणि इटलीच्या सीमेवर, आल्प्सच्या एका खिंडीत, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बांधलेली काँक्रीटची चिमुकली चौकी. आत जेमतेम अकरा शिपाई. तो स्वतः काँक्रीटवर संशोधन करणारा इंजिनिअर. तिथून हजारो मैलांवर, सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये बसून सहा वर्षं तो तिचे नकाशे जमवत होता. प्रत्यक्ष जाणं काही जमलं नव्हतं.

मार्चमध्ये त्याला आर्मां नावाच्या कुणा म्हाताऱ्याची ईमेल आली. माझे वडील त्या चौकीत स्वयंपाकी होते, म्हणे. मग दर आठवड्याला एक पत्र. हिवाळ्यात बर्फाने दार बुजायचं, म्हणून शिपायांनी दुधासाठी आत शेळी बांधली होती, असंही त्याने लिहिलं. असं काही आलं की उज्ज्वल बायकोला, प्रियदर्शिनीला, हाका मारून मारून वाचून दाखवायचा.

ऑगस्टमध्ये शहराच्या ईस्ट कोस्ट भागात राहणाऱ्या ओळखीच्या विक्रांतने त्याला आपल्या कॉन्डोच्या हॉलमध्ये, तिथल्या मराठी मंडळींसमोर बोलायला बोलावलं. भाषणाच्या आदल्या रविवारी समुद्रकाठच्या पार्कात चालताना विक्रांतची बायको नीता प्रियदर्शिनीला म्हणाली, "अगं, तो आर्मां म्हणजे विक्रांतच! रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात लंच टाइममध्ये बसून लिहितो. शेळीची कल्पना मात्र माझी हं! तू सांगू नकोस, सगळ्यांचा विरस होईल."

चार वर्षांत त्या घोळक्यातल्या कुणी तिला पहिल्यांदाच गुपित सांगितलं होतं. प्रियदर्शिनी हसली.

घरी आली तर उज्ज्वल भाषणाचे कागद लावत बसलेला.

"शेळीचं मध्ये सांगू की शेवटी?"

"शेवटी सांग," ती म्हणाली.

शनिवारी दुपारी चाळीसेक माणसं जमली. उज्ज्वल शेळीपर्यंत आला, तसं मागून कुणीतरी "बँऽ" केलं. खसखस पिकली. विक्रांत उठून म्हणाला, "उज्ज्वलराव, आर्मांचं पुढचं पत्र मीच वाचतो." आणि फोनवरून वाचू लागला, "प्रिय मित्रा, कळवण्यास दुःख होते की शेळी परवाच वारली. तिची शेवटची इच्छा होती, सेम्बावांग पाहावं..."

लोक पोट धरधरून हसले. उज्ज्वल हातातल्या कागदांकडे बघत राहिला. मग त्याने मान वर करून गर्दीत बायकोला शोधलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं जायला जरा उशीर झाला.

परतताना एमआरटी ट्रेनमध्ये दोघं शेजारी बसली. चार-पाच स्टेशनं गेल्यावर त्याने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"रविवारी."

"मी तुला शेळीचं विचारलं, त्याच्या आधी?"

ती पर्समध्ये ट्रेनचं कार्ड शोधू लागली.

"आधी की नंतर?"

"आधी."

तो भांडला नाही. घर सोडून गेला नाही, नोकरीवरही वेळेवर जात राहिला. फक्त तिने काही सांगितलं की स्वतः खात्री करून घेऊ लागला. बाहेर पाऊस आहे म्हणाली, तर खिडकीशी जायचा. भात झालाय म्हणाली, तर उठून झाकण उघडून बघायचा, आणि मगच ताट घ्यायचा.