अवघड बोलणं

विद्यापीठात ती सव्वीस वर्षं संवादकौशल्य शिकवत होती. कुणी तोंडातल्या तोंडात पुटपुटलं की म्हणायची, “पुन्हा सांगा.” मुलांनी तेच तिचं नाव पाडलं होतं. छंद एकच. बसमध्ये, दवाखान्यात, रांगेत लोक ‘नाही’ हा शब्द न उच्चारता नकार कसा देतात, ते ती वहीत टिपून ठेवायची. ‘बघू’, ‘सांगतो ना’, ‘तुम्ही म्हणताय तर...’ त्रेसष्ट तऱ्हा जमल्या होत्या. वाचून दाखवायला घरात कुणी नव्हतं.

त्या वर्षी वर्गात एक परिचारिका होती. चाळिशी उलटलेली, नोकरी सांभाळून शिकणारी. ‘अवघड बोलणं कसं सुरू करावं’ हा धडा संपला तशी ती उठली.

“मॅडम, राग मानू नका. तुम्ही स्वतः केलंय कधी?”



“नाही,” बाई म्हणाल्या. “थोरल्या भावाशी मी नऊ वर्षं बोललेली नाही. आईला कुणी सांभाळायचं, यावरून बिनसलं. नको ते बोलून बसले.”

दुपारी तिने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. पहिलं वाक्य कागदावर लिहिलं आणि नंबर फिरवला. फोन वहिनीने उचलला.

“अगंबाई, वन्सं! तुम्ही?”

“दादा आहे?”

“आहेत हो. पण कान पार गेलेत त्यांचे. मला सांगा, मी ओरडून सांगते.”

कागदावरचं सगळं वाक्य ओरडून सांगण्याजोगं नव्हतं. “मी चुकले म्हणावं,” ती कशीबशी म्हणाली.

“अहो, वन्सं म्हणतायत, चुकल्या!”

“कोण सुकलं?” मागून दादाचा आवाज आला.

वहिनी हसली. तीही हसली. कुणाचा फोन आहे, ते वहिनीने पुन्हा ओरडून सांगितलं.

“धाकटी होय? लिहून पाठव म्हणावं,” दादा ओरडला. “फोनवर मला काही कळत नाही.”

तिने चार पानी पत्र लिहिलं. महिन्याभराने उत्तर आलं, तीन ओळींचं. ‘पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीचे पायच. तब्येतीला जप.’ तिने ते दारातच उभ्या उभ्या वाचलं, मागची कोरी बाजूही पाहिली. ‘ये’ असं कुठेच नव्हतं.

चपला काढून ती टेबलाशी बसली आणि उत्तर लिहायला घेतलं. या वेळी अक्षर नीट, सावकाश काढत.